चीनमधील खेड्यांचे डॉक्टर : द्वारकानाथ कोटणीस

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापूर येथे झाला. आपल्याकडची माणसे दौंडला गाडीत बसून सोलापूरला जातात, तेच हे सोलापूर. त्यांचे कुटुंब मोठे होते. ते मुंबईला जाऊन डॉक्टरकी शिकले.

1937 साली जपानने चीनवर मोठा हल्ला केला. लई माणसे जखमी झाली. तिकडे डॉक्टर कमी होते. म्हणून चीनने भारताकडे मदत मागितली. तेव्हा आपल्या देशावर इंग्रजांचे राज्य होते. तरी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी लोकांकडून पैसे गोळा केले आणि 1938 साली पाच डॉक्टर चीनला पाठवले. त्यांत डॉ. अटल, डॉ. चोळकर, डॉ. बसू, डॉ. मुखर्जी आणि आपले डॉ. कोटणीस होते. ते बोटीने गेले.

चीनमध्ये असताना त्यांना वडील वारल्याची बातमी आली. किती वाईट वाटले असेल! पण जखमी माणसांना सोडून ते घरी आले नाहीत. पुढे बाकीचे चारही डॉक्टर भारतात परतले. कोटणीस मात्र तिथेच राहिले.

तो भाग डोंगराळ होता. थंडी फार असे. चांगली इमारत नव्हती, औषधेही पुरत नव्हती. खेड्यातल्या लोकांच्या घरातच दवाखाना असायचा. शत्रू जवळ आला की रोग्यांना घेऊन दुसऱ्या गावाला जावे लागे. तिकडचे लोक राळे शिजवून खात, तेच डॉक्टरही खात. ते चिनी भाषा बोलायला आणि लिहायला शिकले. म्हणजे रोग्याला काय होते ते त्यांना नीट कळायचे. सैनिकांना तपासायचे तसेच ते गावातल्या शेतकऱ्यांना, बायांना, पोरांनाही तपासायचे. एकदा मोठी लढाई झाली तेव्हा त्यांनी 72 तास न झोपता ऑपरेशने केली. 72 तास म्हणजे तीन दिवस आणि तीन रात्री!

1941 साली ते डॉ. बेथून यांच्या नावाच्या दवाखान्याचे प्रमुख झाले. डॉ. बेथून हे कॅनडाहून आलेले डॉक्टर होते. तेही तिथेच सेवा करताना 1939 साली वारले होते. कोटणीस नवीन डॉक्टरांना शिकवतही होते. त्याच वर्षी त्यांनी को चिंगलान या परिचारिकेशी लग्न केले. 1942 साली त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेवले. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. मला हे नाव फार आवडले.

डॉक्टरांना फिट येण्याचा आजार होता. तरी ते काम थांबवत नसत. 9 डिसेंबर 1942 रोजी ते वारले. तेव्हा त्यांचे वय फक्त 32 वर्षे होते आणि बाळ चार महिन्यांचेही नव्हते. त्या खेड्यांतली माणसे आपल्या घरातलेच माणूस गेल्यासारखी रडली.

चीनचे लोक त्यांना विसरले नाहीत. तिकडे शिजियाझुआंग शहरात त्यांची समाधी आणि पुतळा आहे. आपण पित्रं घालतो तसा तिकडे एप्रिल महिन्यात पूर्वजांचा दिवस असतो. त्या दिवशी लोक त्यांच्या समाधीवर फुले वाहतात. सोलापूरला त्यांच्या राहत्या घरात स्मारक केले आहे. 1946 साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर सिनेमाही काढला.

आमच्या गावातही पूर्वी एक डॉक्टर सायकलवर मळ्यांत यायचे. आजी सांगते, कोणाकडे पैसे नसले तर ते सुगीनंतर घ्यायचे. कधी घ्यायचेही नाहीत. ते वारले. पण गावात त्यांचा साधा फोटोसुद्धा लावलेला नाही. चीनच्या लोकांनी दूरच्या डॉक्टरांची एवढी आठवण ठेवली, तर आपण आपल्या डॉक्टरांची ठेवायला नको का?

पालकांना विनंती आहे. कोणाच्या घरी त्यांचा फोटो असेल तर तो शाळेत आणून द्यावा. दोन्ही डॉक्टरांचे फोटो आम्ही शेजारी शेजारी लावू आणि 9 डिसेंबरला फुले वाहू.

— इयत्ता 4 थी, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, ता. शिरूर, जि. पुणे