खोपोलीचें तळें व नाना फडणवीस

बोरघाटाच्या पायथ्याशीं खोपोली आहे. आज तेथें वीजगृह व कारखाने आहेत. एके काळीं मात्र तें लहानसें खेडें होतें. तेथील विस्तीर्ण तळें व कांठचें वीरेश्वर महादेवाचें देऊळ पाहतांना आम्हांस त्यांच्या कर्त्याचें, नाना फडणविसांचें, स्मरण होतें.

बाळाजी जनार्दन भानु यांचा जन्म १७४२ सालीं साताऱ्यास झाला. १७६१ त पानिपताहून ते जिवंत परतले, परंतु मातोश्री तिकडेच अंतरल्या. नाना लेखणीचे पुरुष, तलवारीचे नव्हेत. तरी सवाई माधवरावांच्या बालपणीं राज्याचा भार त्यांजवरच पडला. १७७९ त बोरघाट चढून आलेल्या इंग्रज फौजेस वडगांवीं तह करावा लागला. १७८१ त जनरल गॉडर्ड घाटमाथ्यावरूनच पनवेलीकडे परतला. ज्या वाटेवर नानांनीं शत्रूस अडविलें, त्याच वाटेवर त्यांनीं दमलेल्या वाटसरूंकरितां पाणी सांठविलें, हें आम्हांस विशेष वाटतें.

धन्याचा १७९५ त अंत झाला. पुढें नानांस कैदही भोगावी लागली. १३ मार्च १८०० रोजीं पुण्यास त्यांनीं देह ठेविला. तीन वर्षें पुरीं होण्यापूर्वींच वसईचा तह झाला.