दुसरे रघूजी भोसले
दुसरे रघूजी भोसले (मृत्यू: २२ मार्च १८१६) हे नागपूरच्या भोसले घराण्यातील राजे होते. ते मुधोजी भोसले यांचे पुत्र. निपुत्रिक चुलते जानोजी यांनी त्यांना दत्तक घेतले होते. १७७२ मध्ये जानोजी निवर्तले आणि घरातच वारशाचा कलह पेटला. १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत मुधोजींनी आपले बंधू साबाजी यांना ठार केले. १७८८ मध्ये मुधोजींच्या निधनानंतर संपूर्ण कारभार रघूजींच्या हाती आला.

१७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत ते मराठ्यांच्या बाजूने होते. पुढील काही वर्षे त्यांच्या राज्याच्या भरभराटीची ठरली. १८०३ मध्ये मात्र इंग्रजांविरुद्ध दौलतराव शिंद्यांची साथ करणे त्यांना फार महागात पडले. २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे त्यांचे बंधू व्यंकोजी यांच्या नेतृत्वाखालील फौजेचा पराभव झाला. वेलस्लीने अचलपुरात जखमींसाठी रुग्णालय मांडले व १५ डिसेंबरला गाविलगड घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी झालेल्या देवगावच्या तहाने कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड गेले. गाविलगड व नरनाळा तेवढे परत मिळाले. यानंतर तिजोरी भरण्यासाठी त्यांनी केलेल्या वसुलीमुळे लोक त्यांना ‘मोठा बनिया’ म्हणू लागले.

रघूजींचे नाव आज सामान्य वाचकाला आठवते ते संत्र्यामुळे. त्यांनी औरंगाबादेहून रोपे आणवून नागपुरातील आपल्या खासगी बागेत लावली, असे परंपरेने सांगितले जाते. राजाच्या बागेतील हे झाड पुढे शेतकऱ्याचे पीक झाले. संत्र्याची नुसती फांदी खोचून ती सहसा मूळ धरत नाही. बियांपासून झाड होते, पण ते फळावर यायला फार वेळ घेते. म्हणून जंभेरीच्या खुंटावर ‘टी’ आकाराचा छेद देऊन निवडक झाडाचा डोळा त्यात बसवतात व पट्टीने बांधतात. परसात एखादेच झाड लावणाऱ्यालाही रीत हीच. डोळा जमिनीपासून वीतभर तरी उंच हवा. तो ओल्या मातीला टेकला, की डिंक्या रोगाचा धोका वाढतो.

आज अचलपूर, चांदूर बाजार, मोर्शी व वरूड तालुक्यांत संत्र्याच्या मोठ्या बागा आहेत. हे तालुके रघूजींनी तहात सोडलेल्या मुलखातच येतात. वरूडजवळचे शेंदूरजनाघाट संत्र्याच्या कलमांच्या रोपवाटिकांसाठी प्रसिद्ध आहे.