एन्ट्रॉपी म्हणजे काय? सेनापती बापटांच्या झाडूतून समजून घ्या

काल झाडलेलं अंगण आज पुन्हा का झाडावं लागतं? याचं उत्तर भौतिकशास्त्रात आहे आणि पारनेरच्या एका माणसाच्या आयुष्यातही.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेरला झाला. १९०४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते यांत्रिक अभियांत्रिकी शिकायला एडिंबराला गेले. एन्ट्रॉपीची कल्पनाही यंत्रांमधूनच आली. वाफेच्या इंजिनातली सगळी उष्णता कामाला का लावता येत नाही, या प्रश्नावर पुढे काम करताना जर्मन शास्त्रज्ञ क्लाउसियस यांनी १८६५ मध्ये हा शब्द घडवला.

सोप्या भाषेत सांगायचं तर, वस्तू नीट लागलेल्या असण्याच्या तऱ्हा मोजक्या असतात, विस्कटलेल्या असण्याच्या असंख्य. म्हणून आपोआप घडतं ते विस्कटणं. या तऱ्हांचं मोजमाप म्हणजे एन्ट्रॉपी.

इंग्रज सरकारविरुद्ध बोलल्यामुळे बापटांची शिष्यवृत्ती गेली. मग पॅरिसमध्ये ते बॉम्ब बनवायला शिकले. स्फोटात क्षणार्धात सगळं विखुरतं. धुराची पुन्हा दारू होत नाही. एन्ट्रॉपीची दिशा ही अशी एकेरी असते.

१९०८ मध्ये ते परतले. पुढे भूमिगत जीवन, अटक, तुरुंग. सुटून पारनेरला आल्यावर त्यांनी झाडू हातात घेतला. पहाटे उठून ते गावातले रस्ते झाडत, शौचकूप साफ करत.

रस्ता स्वच्छ झाला म्हणजे निसर्गाचा नियम मोडला का? नाही. झाडणाऱ्याने भाकरीतून मिळालेली ऊर्जा खर्च केली, त्याच्या अंगातली उष्णता हवेत गेली. रस्त्यावर व्यवस्था आली, पण एकूण एन्ट्रॉपी वाढलीच. (कचऱ्याचं उदाहरण समजण्यापुरतं, शास्त्रज्ञ मोजतात ती अणुरेणूंची मांडणी.)

म्हणजेच स्वच्छता फुकट मिळत नाही, तिची किंमत कुणीतरी मोजतं. आपल्या समाजाने ती पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींवर लादली. ब्राह्मण घरात जन्मलेल्या बापटांनी आपला वाटा स्वतः उचलला.

१९२१ मध्ये सुरू झालेल्या मुळशी सत्याग्रहाने त्यांना ‘सेनापती’ केलं. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी ते गेले. पुण्या-मुंबईत त्यांच्या नावाचे रस्ते आहेत.

तेही रोज झाडावे लागतात. निसर्गाचा नियम बदलता येत नाही. झाडू कुणाच्या हातात असावा, हे मात्र आपणच ठरवतो.