हौशी रेडिओचा म्होरक्या

मशिनगनचे जनक हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम पुढे जवळजवळ ठार बहिरे झाले. सततच्या गोळीबाराने आतल्या कानातील केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. त्यांचे चिरंजीव हायरम पर्सी मॅक्सिम नावाजले ते नेमक्या उलट कामासाठी. बंदुकीचा आवाज दाबणारा सायलेन्सर त्यांचा. पुढे त्यांच्या कंपनीने इंजिनांचा गोंगाटही कमी केला. पण जगभरचे 'हॅम' त्यांना ओळखतात ते रेडिओसाठी.

पर्सींचा जन्म १८६९चा, ब्रुकलिनचा. शिक्षण एमआयटीत, वास्तव्य हार्टफर्डमध्ये. चाळिशी ओलांडल्यावर मुलाच्या नादाने ते बिनतारी यंत्रांकडे वळले. तेव्हा घराघरांत पोरे तारेची वेटोळी गुंडाळून संच बनवत आणि मोर्सच्या 'कट्ट-कडा'त रात्री जागवत. त्यांच्या ठिणगी यंत्रांमुळे जहाजांच्या संदेशांत व्यत्यय येई. अखेर १९१२ साली अमेरिकेत कायदा झाला. प्रक्षेपणासाठी परवाना सक्तीचा झाला आणि हौशी मंडळींना २०० मीटर व त्याहून आखूड लहरींवर ढकलण्यात आले. त्या लहरी दूरच्या संपर्काला निरुपयोगी, असा तज्ज्ञांचा समज होता. थोडक्यात, अडगळीची खोली मुलांना दिली!

एप्रिल १९१४ मध्ये मॅक्सिम यांना जेमतेम ४० किलोमीटरवरच्या स्प्रिंगफील्डला निरोप पाठवायचा होता. थेट संपर्क काही होईना. वाटेतल्या विंडसर लॉक्सच्या एका हौशी रेडिओचालकाने तो पुढे पोहोचवला. एकाने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे निरोप द्यायचा, अशी साखळी देशभर का नसावी? त्याच वर्षी त्यांनी क्लॅरेन्स टस्का या विशीही न गाठलेल्या मुलाला बरोबर घेऊन अमेरिकन रेडिओ रिले लीग स्थापली. पंचेचाळिशीच्या नामांकित अभियंत्याने पोरसवदा सहकाऱ्याला बरोबरीने वागवले, हे विशेष.

१९१७ मध्ये युद्धामुळे सरकारने हौशी केंद्रे बंद केली. युद्ध संपल्यावर सगळा रेडिओ नौदलाच्या ताब्यात देण्याचे घाटत होते. मॅक्सिम यांनी संसदीय समितीपुढे बाजू मांडली, सभासदांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि १९१९ मध्ये परवाने पुन्हा मिळू लागले. शिस्तीत वागणारी, परवानाधारक संघटना पाठीशी नसती तर हे जमणे कठीण होते. परवाना म्हणजे आडकाठी, असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर अभ्यासावा. भारतातही हॅम परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते.

मग 'निरुपयोगी' लहरींनी कमाल केली. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकन हौशी मंडळींचे संकेत थेट स्कॉटलंडमध्ये ऐकू आले. १९२३ मध्ये सुमारे ११० मीटरवर अटलांटिकपार दुतर्फा संभाषण झाले. वातावरणाच्या वरच्या थरांतील विद्युतभारित कण या लहरी परतवतात, म्हणून त्या क्षितिजापलीकडे पोहोचतात. १९२५ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिचे पहिले अध्यक्ष मॅक्सिमच.

फेब्रुवारी १९३६ मध्ये रेल्वेने कॅलिफोर्नियाला जाताना ते आजारी पडले. कोलोरॅडोत ला हुंटा येथे त्यांना उतरवून रुग्णालयात नेले, पण घशाच्या संसर्गाने त्यांचे निधन झाले. पेनिसिलिन रुग्णांपर्यंत पोहोचायला अजून काही वर्षे होती. पुढच्याच महिन्यात ईशान्य अमेरिकेत महापूर आला, हार्टफर्डही पाण्याखाली गेले. टेलिफोनच्या तारा तुटल्या, तेव्हा मदतीचे निरोप हौशी रेडिओचालकांनी पोहोचवले.