नांदायला नकार, तुरुंगाची तयारी : डॉ. रखमाबाईंचा खटला काय होता?

महाळुंगे-चाकण पट्ट्यात रोज सकाळी कंपनीच्या बसची वाट पाहणाऱ्यांमध्ये मुलीही असतात. पण लग्नाची बोलणी सुरू झाली की त्यांना एक प्रश्न हमखास येतो : लग्नानंतर नोकरी करणार का? अनेकदा याचं उत्तर घरातले इतरच ठरवतात. बाईच्या मर्जीला किंमत किती, हाच प्रश्न १४० वर्षांपूर्वी मुंबई हायकोर्टासमोर आला होता. त्या खटल्याच्या केंद्रस्थानी होत्या रखमाबाई.

कोण होत्या रखमाबाई?

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग त्या लहान असतानाच वारले. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला आणि पहिल्या पतीची मालमत्ता मुलीच्या नावावर केली. वयाच्या ११व्या वर्षी रखमाबाईंचं लग्न १९ वर्षांच्या दादाजी भिकाजी यांच्याशी झालं. मात्र त्या माहेरीच राहिल्या आणि घरीच शिकत राहिल्या.

प्रकरण कोर्टात कसं गेलं?

१८८४ मध्ये दादाजींनी वकिलामार्फत पत्नीला नांदायला पाठवण्याची मागणी केली. रखमाबाईंनी नकार दिला. नकळत्या वयात, संमतीशिवाय झालेलं लग्न आपल्यावर बंधनकारक नाही, ही त्यांची भूमिका होती. दादाजींचा डोळा मालमत्तेवर असल्याचंही त्यांच्या बाजूने सांगण्यात आलं.

१८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. पती-पत्नीला एकत्र राहायला लावणारा दावा मुळात इंग्लंडच्या कायद्यातून आला होता. लहानपणी लग्न लागलेल्या आणि कधीही पतीसोबत न राहिलेल्या स्त्रीला तो लावता येणार नाही, असं त्यांचं मत होतं.

मग तुरुंगाची वेळ का आली?

दादाजींनी अपील केलं आणि प्रकरण फेरसुनावणीला गेलं. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला : महिनाभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिन्यांचा तुरुंगवास. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. तेव्हा त्या अवघ्या २२ वर्षांच्या होत्या.

या खटल्याने समाजात उभी फूट पडली. बेहरामजी मलबारींसारखे सुधारक त्यांच्या पाठीशी होते, तर लोकमान्य टिळकांनी त्यांच्या भूमिकेला विरोध केला. स्वतः रखमाबाईंनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्ये टोपणनावाने बालविवाहाविरोधात पत्रं लिहिली होती.

अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी २ हजार रुपये घेऊन दावा सोडला आणि नंतर दुसरं लग्न केलं. रखमाबाईंनी पुन्हा लग्न केलं नाही.

पुढे काय झालं?

कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांच्या पाठिंब्याने त्या १८८९ मध्ये लंडनला गेल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. आनंदीबाई जोशी यांनी त्याआधी वैद्यकीय पदवी मिळवली होती, पण प्रॅक्टिस सुरू होण्याआधीच त्यांचं निधन झालं. रखमाबाईंनी मात्र सुरत आणि राजकोटच्या महिला रुग्णालयांत सुमारे ३५ वर्षं काम केलं. ज्या नवऱ्याचं घर नाकारलं, त्याच्या मृत्यूनंतर मात्र त्यांनी विधवेची पांढरी साडी नेसली. कोर्टाला न जुमानणाऱ्या बाईवरही रूढीचं वजन होतंच.

आज हा खटला का महत्त्वाचा?

या प्रकरणानंतर संमतिवयाच्या चर्चेला जोर आला. १८९१ च्या कायद्याने मुलींचं संमतिवय १० वरून १२ वर्षं झालं. नांदायला नकार दिल्याबद्दलची तुरुंगाची तरतूद १९२३ मध्ये गेली.

दावा मात्र कायम राहिला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये तो आजही आहे. आता तो पती किंवा पत्नी कुणालाही करता येतो. आंध्र प्रदेश हायकोर्टाने १९८३ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवलं, पण पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने ते वैध ठरवलं.

हिंदू विवाह कायदा मे १९५५ मध्ये लागू झाला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला, वयाच्या ९०व्या वर्षी रखमाबाईंचं निधन झालं. ज्या दाव्याविरुद्ध त्या तुरुंगात जायला तयार होत्या, तो स्वतंत्र भारताच्या कायद्यातही आला होता.