रविवार मिळाला, जखमेचा पगार राहिला

नारायण मेघाजी लोखंडे म्हटलं की रविवारची सुट्टी आठवते. व्हॉट्सॲपवरही तेवढंच फिरतं. पण त्यांनी सुट्टीसोबतच आणखी एक मागणी मांडली होती, ती मात्र कुणाच्या लक्षात नाही.

१८४८ साली ठाण्यात जन्म. रेल्वे-पोस्टात नोकरी, मग मुंबईच्या कापड गिरणीत स्टोअरकीपर. गिरणीतले हाल त्यांनी तिथेच पाहिले. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, नाकातोंडात कापसाची तूस, पगार कधी होईल याचा नेम नाही. पट्ट्यात हात गेला की त्याच दिवसापासून मजुरी बंद. मग खोलीचं भाडं थकायचं, वाण्याची उधारी वाढायची, गावाकडे पैसे जायचे थांबायचे. अपघात एक, पण सगळं घर बसायचं.

जोतीराव फुल्यांचे सहकारी असलेल्या लोखंड्यांनी १८८० पासून 'दीनबंधु' चालवला. १८८१ चा फॅक्टरी कायदा मुख्यतः मुलांपुरता होता, मोठ्यांच्या कामाच्या तासांना त्यात मर्यादाच नव्हती. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन सरकारने नेमलेल्या कमिशनपुढे गेलं. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार, असं त्यात होतं. आणि जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचा अधू झाल्यास त्याच्या पोटापाण्याची सोय. निव्वळ हिशेबाच्या नजरेने पाहिलं तरी मालकांना हेच कलम सर्वात जड वाटणारं होतं.

२४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले. दोन बायकाही त्या सभेत बोलल्या, त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवार मान्य केला.

जखमेच्या पगाराचं काय? त्यासाठी कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ साली यावा लागला. ईएसआयचा कायदा तर १९४८ चा. आज बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ईएसआय कार्ड असलेला कामगार भाजला तर त्याला उपचार आणि पगाराचा काही भाग मिळतो. ज्याचं नाव मस्टरवरच नाही, तो मात्र १८८४ च्याच जागी उभा आहे.

लोखंड्यांना यातलं काही पाहता आलं नाही. मुंबईत प्लेग पसरला, लोक शहर सोडून निघाले. ते थांबले, रुग्णांसाठी मराठा हॉस्पिटल उभं केलं. तिथे राबतानाच त्यांना प्लेगने गाठलं. ९ फेब्रुवारी १८९७ ला ते गेले. पन्नाशीही गाठली नव्हती.