हेडी लमार: हेल्मेट इंटरकॉम घेण्याआधी वाचावं असं एक आयुष्य

मी दहिसरचा. रविवारी पहाटे चेक नाक्याच्या आसपास बघा, बाईकवाल्यांचे घोळके जमलेले असतात. कुणी हायवेने मनोर, विक्रमगड करत जव्हारला निघालेलं, कुणी घोडबंदर रोडने ठाण्याला जाऊन पुढे नाशिककडे. हल्ली बऱ्याच हेल्मेटच्या डाव्या बाजूला एक छोटी डबी चिकटवलेली दिसते. तोच हेल्मेट इंटरकॉम. चालत्या गाडीवर मागच्याशी, पुढच्याशी गप्पा, फोनवरचा मॅप कानात, थांबायचं असेल तर लगेच सांगता येतं.

त्यामुळे मला सारखा एकच प्रश्न येतो: दादा, कुठला घेऊ? किंमत काही हजारांपासून सुरू होते ती तीस हजारांच्या पुढे जाते. बॉक्सवर सगळे एकच लिहितात, लांब रेंज आणि क्लिअर आवाज. माझं उत्तर असं की आधी गर्दीत वायरलेस आवाज टिकतो कसा ते समजून घ्या. मग बॉक्स वाचणं सोपं जातं. आणि ते समजायला सगळ्यात सोपी वाट म्हणजे एका सिनेनटीचं आयुष्य. तिचं नाव हेडी लमार.

व्हिएन्नातली मुलगी

९ नोव्हेंबर १९१४ ला व्हिएन्नात एका ज्यू कुटुंबात ती जन्मली. नाव हेडविग कीसलर. वडील बँकेत मोठ्या पदावर, आई पियानो वाजवणारी. फिरायला गेलं की वडील तिला ट्राम कशी चालते, छापखान्याचं यंत्र काय करतं, असं समजावून सांगत. म्हणजे मशीनच्या पोटात काय आहे हे बघायची सवय घरातूनच लागली.

शाळा मात्र तिने सिनेमासाठी सोडली. १९३३ मध्ये, वय अवघं अठरा, फ्रिट्झ मांडल नावाच्या ऑस्ट्रियन शस्त्र कारखानदाराशी लग्न झालं. पैसा भरपूर, पण नवऱ्याचा पहारा त्याहून जास्त. सिनेमात काम करायचं नाही, एकटीने कुठे जायचं नाही. घरी जेवणावळींना लष्करी अधिकारी आणि शस्त्रांचे व्यापारी यायचे. हेडीने तिथे बसून फक्त सुंदर दिसायचं. ती मात्र ऐकत होती. टॉर्पेडो, म्हणजे पाणतीर, लांबून कसे वळवायचे, रेडिओने वळवले तर शत्रू अडथळा कसा आणतो, ही सगळी बोलणी तिच्या कानावर पडत होती.

१९३७ मध्ये ती नवऱ्याचं घर सोडून निघाली. लंडनमध्ये एमजीएम स्टुडिओचे प्रमुख लुई मेयर भेटले, आणि अमेरिकेला पोचेपर्यंत तिचं नाव हेडी लमार झालं होतं. १९३८ चा अल्जिअर्स चालला आणि ती स्टार झाली. जगातली सर्वात सुंदर स्त्री अशी तिची जाहिरात व्हायची. दिवसभर शूटिंग आणि रात्री घरी टेबलावर अवजारं, असा तिचा दिनक्रम. पाण्यात टाकली की सोडा तयार होईल अशी गोळीही तिने करून बघितली होती. ती काही जमली नाही.

बुडालेलं जहाज आणि ८८ पट्ट्या

मग युद्ध पेटलं. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री सिटी ऑफ बनारस हे इंग्लंडहून कॅनडाला निघालेलं जहाज जर्मन पाणबुडीने बुडवलं. बॉम्बहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी त्यावरून ९० मुलं पाठवली जात होती. त्यांतली ७७ गेली. नावावरून कळलंच असेल, हे जहाज मुळात हिंदुस्थानच्या मार्गासाठी बांधलेलं. त्यावर हिंदी खलाशी मोठ्या संख्येने होते आणि त्यांतलेही अनेक बुडाले. हेडीच्या कामाचा धागा तिचे चरित्रकार या बातमीशी जोडतात. पाणबुडीला नेमका लागेल असा टॉर्पेडो तिला हवा होता.

अडचण साधी होती. टॉर्पेडोला रेडिओने वळवायचं तर एक फ्रिक्वेन्सी लागते. शत्रूने ती शोधून त्यावर जोरात आवाज सोडला की संपलं. यालाच जॅम करणं म्हणतात. आपण जास्त जोरात बोललो तर तोही आणखी जोरात बोलणार. हेडीने वेगळा विचार केला: एका जागी थांबायचंच नाही. पाठवणारा आणि ऐकणारा, दोघांनी ठरलेल्या क्रमाने एकाच क्षणी फ्रिक्वेन्सी बदलत राहायचं. शत्रूने एक जागा अडवली तरी तोपर्यंत संदेश दुसरीकडे गेलेला असेल.

पण दोघांनी एकाच क्षणी उडी मारायची कशी? इथे संगीतकार जॉर्ज अँथाइल तिच्या मदतीला आला. आपोआप वाजणारे पियानो एकत्र वाजवण्याच्या खटाटोपात त्याने बरीच वर्षं घालवली होती. त्या पियानोत भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी फिरते आणि भोकांप्रमाणे सूर वाजतात. अशाच दोन सारख्या पट्ट्या, एक जहाजावर आणि एक टॉर्पेडोत, एकाच वेगाने फिरवायच्या. पियानोच्या गुंडाळीत भोकांच्या ८८ ओळी असतात, म्हणून ८८ फ्रिक्वेन्सी वापरता येतील असं त्यांच्या पेटंटमध्ये लिहिलेलं आहे. ११ ऑगस्ट १९४२ ला अमेरिकन पेटंट मिळालं, क्रमांक २२,९२,३८७.

नौदलाने ते बाजूला ठेवलं. टॉर्पेडोत बसवायला ही यंत्रणा फार मोठी होईल असं त्यांचं म्हणणं. हेडीच्या वाट्याला दुसरं काम आलं: स्टेजवर उभं राहून युद्धाचे रोखे विकायचे. तिने तेही केलं, लाखो डॉलरचे विकले. म्हणजे डोकं नको, चेहरा चालेल.

१९४९ चा सॅमसन अँड डिलायला खूप गाजला. नंतर कामं कमी झाली, सहा लग्नं मोडली, ती हळूहळू लोकांपासून दूर गेली. १९५९ मध्ये पेटंटची मुदत संपली. तिला त्यातून एक पैसाही मिळाला नाही. पुढे ट्रान्झिस्टर आले, कागदी पट्टीची गरज उरली नाही, आणि लष्करी रेडिओत उड्या मारण्याचं तंत्र रुळलं. १९९७ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनने तिचा आणि अँथाइलचा गौरव केला, तेव्हा ती ८२ वर्षांची होती आणि अँथाइल जाऊन जवळपास चार दशकं झाली होती. १९ जानेवारी २००० ला फ्लोरिडात ती गेली. २०१४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये दोघांची नावं लागली.

मग ब्लूटूथ तिने शोधलं का?

नाही. रील्समध्ये तसं सांगतात, जोडीला वायफाय आणि जीपीएसही देऊन टाकतात. फ्रिक्वेन्सी बदलत राहण्याची कल्पना तिच्याआधीही काही पेटंटमध्ये दिसते, त्यात निकोला टेस्लाचं नाव येतं. ब्लूटूथवर १९९४ पासून एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन यांनी काम केलं, आणि तिच्या पेटंटपासून तिथपर्यंत सरळ रेघ ओढता येत नाही. जीपीएसचं तंत्र तर वेगळंच आहे. पण टॉर्पेडोसाठी, दोन्ही टोकं जुळवून चालेल अशी पूर्ण रचना या दोघांनी मांडली, हे खरं आहे. एवढं श्रेय पुरेसं मोठं आहे, फुगवायची गरज नाही.

आता चेक नाक्यावर या

तुमचा ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. भारतात २००५ पासून या पट्ट्याला परवाना लागत नाही, म्हणून सगळे तिथेच. शेजारच्या गाडीतला फोन, कानातले इअरबड्स, दुकानातलं वायफाय, ढाब्यावरचा मायक्रोवेव्हसुद्धा. या गर्दीत क्लासिक ब्लूटूथ ७९ चॅनलवर सेकंदाला १६०० उड्या मारतो. २००३ च्या आवृत्तीपासून तो ज्या जागी गोंगाट आहे त्या टाळून उडतो. नाक्याच्या गर्दीतही जोडीदाराचा आवाज येतो तो यामुळे. डबीची ताकद मोठी असते असं नाही.

पण उडी मारून डोंगर ओलांडता येत नाही. जव्हारच्या वळणांवर मध्ये कडा आला की लहरी अडतात. म्हणून घेताना मी हे बघतो:

१. किती जण? दोघंच असाल, किंवा मागे बसणाऱ्याशीच बोलायचं असेल, तर साधा ब्लूटूथ इंटरकॉम पुरे. चार-पाच जण असाल तर मेश घ्या. साध्या ब्लूटूथमध्ये साखळी असते, मधला एक जण सिग्नलला अडकला की साखळी तुटते. मेशमध्ये आवाज दुसऱ्या गाडीवरून वाट काढतो आणि मागे राहिलेला जवळ आला की आपोआप जोडला जातो.

२. कंपनी एकच ठेवा. कार्डो, सेना किंवा आपल्याकडची ब्लूआर्मर, कुठलीही घ्या, पण एका कंपनीचा मेश दुसऱ्याशी जुळेलच असं नाही. घेण्याआधी ग्रुपला विचारा.

३. बॉक्सवरची रेंज मोकळ्या, सरळ रस्त्याची असते. घाटात ती बरीच कमी धरा.

४. पाऊस. आयपी६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. जूनमध्ये पालघर जिल्ह्यात फिरणाऱ्याने हे बघायलाच हवं.

५. माइक. फुल फेस हेल्मेटला वायरचा छोटा माइक, मोकळ्या किंवा उघडणाऱ्या हेल्मेटला दांडीचा. स्पीकर बरोबर कानासमोर आले नाहीत तर महागडा सेटही बारीक वाटतो.

६. हेल्मेट आधी. आयएसआय मार्क असलेलं घ्या, त्याला भोक पाडू नका, स्पीकर बसवायला आतला थर्मोकोलसारखा थर कापू नका. डोकं तोच थर वाचवतो. क्लिप किंवा चिकटपट्टीने बसेल तेच घ्या.

७. आवाज इतकाच ठेवा की मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू येईल.

बजेट कमी असेल तर दोघांत साधा सेट घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या हेल्मेटवर घाला. आणि ग्रुपमध्ये कुणी ब्लूटूथ हेडी लमारने शोधला असं म्हणालं, तर इंटरकॉमवर त्याला खरी गोष्ट सांगा. घाट लागायच्या आत सांगून होते.